रक्ताचा कॅन्सर आणि शरीरातल्या ‘नॅचरल किलर’ पेशी

गेल्या महिन्यात विहारातल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी एक मावशी कापडी पिशवीतून जाडजूड फाईल घेऊन आल्या. फाईल मुलाची होती. वय चोवीस, काम कुरिअरचे. तीन-चार महिन्यांपूर्वी त्याचा ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. आधी डेंग्यू समजून उपचार झाले आणि मग मोठ्या रुग्णालयात निदान झाले, ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. म्हणजे झपाट्याने वाढणारा एक रक्ताचा कॅन्सर. केमोथेरपीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. पुढे बोन मॅरो बदलावा लागेल, बहिणीची तपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण बहिणीचे लग्न ठरत आलेले. तिच्या कमरेतून काही काढले असे समजले तर सोयरीक मोडेल, या धास्तीने घरात कोणी तो विषयच काढत नव्हते.

त्याच फाईलच्या मागच्या कप्प्यात एक चकचकीत पत्रक होते. रुग्णालयाबाहेर कोणीतरी हातात दिलेले. ‘एनके सेल थेरपी : तुमच्याच शरीरातील सैनिक कॅन्सरला मारतील’ असे त्यावर छापले होते आणि खाली मोबाईल नंबर. रक्कम फोनवर सांगितली गेली, चार लाख. मावशींचा प्रश्न सरळ होता : “खोली गहाण टाकू का?”

आम्ही ‘नाही’ म्हणालो. पण नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण पत्रकातले वाक्य संपूर्ण खोटे नव्हते. एनके म्हणजे नॅचरल किलर पेशी आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतात आणि त्या ल्युकेमियाच्या पेशी खरोखर मारतात. खरे कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो, हे समजून घेण्यासाठी या वेळचे आरोग्य पान आम्ही या एकाच विषयाला दिले आहे. वस्तीत ल्युकेमियाचा रुग्ण असलेले घर एकच नाही, आणि असली पत्रके वाटणाराही एकच नाही.

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. त्याला अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. तिथल्या मूळ पेशींपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनतात. या कारखान्यातली एखादी पेशी बिघडली आणि थांबायचे विसरून वाढतच राहिली, की रक्ताचा कॅन्सर होतो. मगजात आणि रक्तात पसरतो तो ल्युकेमिया, गाठींमध्ये वाढतो तो लिम्फोमा, आणि प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा तो मायलोमा. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण अजूनही काही घरांत रुग्णाचे भांडे वेगळे ठेवलेले आम्ही पाहतो. केमो चालू असताना रुग्णाला इतरांपासून जपावे लागते ते वेगळ्या कारणासाठी : आपला सर्दी-खोकला त्याला जड जातो.

आता त्या ‘किलर’ पेशींकडे वळू. पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाचा एक गट असतो. रक्तातल्या दर शंभर लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ एनके पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतर लिम्फोसाइटपेक्षा थोड्या मोठ्या दिसतात आणि त्यांच्या पोटात बारीक दाणे असतात. त्या दाण्यांतच त्यांचे हत्यार भरलेले असते.

त्यांचा शोध लागला तोच मुळी ल्युकेमियामुळे. तोपर्यंत शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की शत्रूची आधी ओळख करून दिल्याशिवाय आपल्या लिम्फोसाइट कोणाला मारत नाहीत. लस देतो ती अशी ओळख करून देण्यासाठीच. पण प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट वारंवार दिसायची. ज्या उंदरांना कॅन्सरच्या पेशींची कसलीच ओळख करून दिलेली नाही, त्यांच्या पेशीसुद्धा त्या कॅन्सर पेशी मारायच्या. बराच काळ हा प्रयोगातला कचरा म्हणून बाजूला सारला जात होता. १९७५ मध्ये स्वीडनमधील स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधले रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी दाखवून दिले, की हा कचरा नाही, ही वेगळ्याच जातीची पेशी आहे. उंदरांच्या प्लीहेतल्या या पेशी ल्युकेमियाच्या पेशींना कोणत्याही तयारीशिवाय मारत होत्या. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रोनाल्ड हर्बरमन यांनाही हेच आढळले. शिकवणी न घेता मारते म्हणून नाव पडले ‘नॅचरल किलर’, म्हणजे नैसर्गिक मारक.

पण शिकवणीच नाही, तर आपले कोण आणि बिघडलेले कोण हे तिला कळते कसे? हे कोडे सोडवायला आणखी दहा वर्षे गेली.

लोकलने जाणाऱ्यांना हे पटकन समजेल. आपल्या प्रतिकारशक्तीत टी-पेशी नावाच्या दुसऱ्या लढाऊ पेशी असतात. त्या पोलिसांसारख्या. हातात गुन्हेगाराचा फोटो असतो आणि त्या चेहऱ्याचा माणूस दिसला की पकडतात. एनके पेशी टीसीसारखी आहे. तिच्याकडे कोणाचा फोटो नाही. ती प्रत्येकाला एकच विचारते, “तिकीट?” आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एचएलए नावाच्या प्रथिनांची खूण असते. तेच तिकीट. ते दाखवले की एनके पेशी पुढे जाते. तिकीट नसेल तर मात्र तिचा संशय जागा होतो.

कॅन्सरच्या पेशी तिकीट फेकून का देतील? कारण टी-पेशींना फोटो दिसतो तो याच एचएलएच्या चौकटीत. चौकटच काढून टाकली की पोलिसाला चेहरा दिसत नाही. म्हणजे पोलिसापासून वाचण्यासाठी जी चलाखी केली, तीच टीसीच्या हाती सापडायला कारण होते. कॅरोलिन्स्कामधल्याच क्लास कॅरे यांनी ही कल्पना मांडली आणि १९८६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या लिम्फोमा पेशींवर ती सिद्ध केली. खूण असलेल्या पेशी उंदरात वाढल्या, खूण हरवलेल्या पेशींचा फडशा पडला. शत्रूची खूण शोधण्याऐवजी आपल्यांची खूण हरवली आहे का हे पाहणे, असा तो विचार होता.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. तिकीट नाही एवढ्यावरच एनके पेशी कोणाला मारत नाही. आपल्या लाल पेशींवर हे तिकीट जवळपास नसतेच, तरी त्या सुखाने फिरतात. कारण एनके पेशी दुसरीही गोष्ट बघते : समोरची पेशी संकटात असल्याच्या खुणा. विषाणू शिरलेल्या किंवा कॅन्सरकडे झुकलेल्या पेशीच्या अंगावर काही खास प्रथिने उगवतात, जणू घाम फुटलेला आणि नजर चुकवणारा प्रवासी. ‘थांबा’ आणि ‘मारा’ अशा दोन्ही प्रकारच्या निरोपांची बेरीज-वजाबाकी करून एनके पेशी निर्णय घेते.

निर्णय झाला की ती समोरच्या पेशीला चिकटते आणि आपले दाणे तिच्यावर रिकामे करते. त्यातले परफोरिन नावाचे प्रथिन भोक पाडते, त्या वाटेने ग्रँझाइम आत शिरतात आणि ती पेशी स्वतःच स्वतःला संपवू लागते. मग एनके पेशी सुटते आणि पुढच्या पेशीकडे जाते. एकच एनके पेशी अशा अनेक पेशी एकामागून एक मारू शकते.

मग रक्ताचा कॅन्सर होतोच कसा, असा प्रश्न मावशींनीही विचारला होता. “एवढे सैनिक आहेत तर माझ्या पोराच्या वेळी कुठे गेले?”

प्रश्न रास्त आहे. एक तर एनके पेशी स्वतः त्याच मगजात तयार होतात जिथे ल्युकेमिया मुक्काम ठोकतो. कारखान्याची जागाच बळकावली गेली की नव्या एनके पेशी कमी बनतात आणि बनतात त्या अर्ध्या कच्च्या. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या अनेक रुग्णांत असेही दिसले आहे, की एनके पेशी असतात पण ‘मारा’ हा निरोप घेणारे त्यांचे रिसेप्टर कमी झालेले असतात. कॅन्सरच्या पेशीही शांत बसत नाहीत. एनके पेशींना झोपवणारी रसायने सोडतात. संकटाच्या खुणा अंगावरून झटकून रक्तात सोडून देतात. मायलोमात हे चांगले दिसून येते. त्या सुट्या खुणा एनके पेशींच्या रिसेप्टरमध्ये जाऊन अडकतात आणि खरी कॅन्सर पेशी समोरून निघून जाते. म्हणून मुलाच्या शरीरात सैनिक नव्हते असे नाही, आणि त्याने नीट खाल्ले नाही किंवा रात्री जागला म्हणून ते हरले असेही नाही. हे आईला सांगणे आम्हाला औषधाइतकेच गरजेचे वाटले.

(जाता जाता : एनके पेशी स्वतःही कॅन्सरग्रस्त होऊ शकतात. नाकाच्या भागात होणारा एनके-टी लिम्फोमा हा त्यातला एक. तो चीन, कोरिया, जपान या भागात आणि लॅटिन अमेरिकेत जास्त दिसतो, आपल्याकडे क्वचित. रिपोर्टमध्ये ‘एनके’ दिसले म्हणजे चांगलीच बातमी, असे समजू नये.)

आजच्या नेहमीच्या उपचारांतही एनके पेशींची मदत आपण घेतो, फक्त तिचे नाव बिलावर नसते. लिम्फोमाच्या रुग्णांना सलाईनमधून दिले जाणारे रिटक्सिमॅब हे औषध घ्या. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, आणि २००७ पासून भारतीय कंपनीने बनवलेले त्याचे रूप आपल्याकडे मिळते. हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी आहे. ती कॅन्सरच्या पेशीला जाऊन चिकटते आणि तिचे शेपूट बाहेर राहते. एनके पेशींकडे ते शेपूट पकडणारा हात असतो. शेपूट हाताला लागले की त्या पेशीचे तिकीट कितीही खरे असो, ती मारली जाते. रिटक्सिमॅब इतरही मार्गांनी काम करते, पण हा त्यातला महत्त्वाचा. मायलोमात दिल्या जाणाऱ्या लेनॅलिडोमाइड गोळ्यांच्या परिणामातही एनके पेशी चेतवल्या जाण्याचा भाग असतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण वस्त्यांमध्ये या आजाराचे आणि रोज इमॅटिनिबची गोळी घेणारे लोक आहेत. मूळ कंपनीचा या औषधावरचा पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली आणि कित्येक संसार टिकले. काही रुग्णांत अनेक वर्षांनी, आजाराचा मागमूसही राहिला नाही की डॉक्टर देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. त्यातल्या काहींचा आजार परत येत नाही. युरोपातल्या अभ्यासात असे दिसले, की गोळी थांबवूनही बरे राहिलेल्या रुग्णांत परिपक्व एनके पेशींचे प्रमाण जास्त होते. उरल्यासुरल्या कॅन्सर पेशींवर त्या पहारा ठेवत असाव्यात. पण यावरून कोणी आपली गोळी आपणच बंद करू नये. ती थांबवण्याआधी आणि नंतर महिनोन्‌महिने एक खास रक्ततपासणी करावी लागते. ती न करता गोळी सोडलेले लोक वाढलेल्या आजारासह परत आलेले आम्ही पाहिले आहेत.

आता बोन मॅरो प्रत्यारोपणाकडे येऊ. मावशींच्या घरचा खरा प्रश्न हाच होता आणि एनके पेशींचे सर्वांत मोठे काम इथेच दिसते.

भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. आता त्यांचे हे काम खारघरच्या केंद्रात चालते आणि राज्यात इतरही केंद्रे आहेत. रुग्णाचा बिघडलेला मगज जोरदार औषधांनी रिकामा करतात आणि दात्याच्या मूळ पेशी सलाईनसारख्या शिरेतून देतात. त्या आपोआप हाडांत जाऊन वस्तीला राहतात. नव्या मगजातून लिम्फोसाइटपैकी सर्वांत आधी कोणत्या पेशी उभ्या राहतात? एनके पेशी. टी-पेशींना सावरायला अनेक महिने लागतात, एनके पेशी साधारण महिन्याभरात कामाला लागतात. त्या लवकर आणि भरपूर आल्या तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे ‘सैनिकांनी कॅन्सरला मारणे’ हे प्रत्यारोपणात खरोखर घडते. फक्त ते सैनिक रुग्णाचे नसतात, दात्याचे असतात.

दाता कोण? सख्ख्या भावंडाचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आई, वडील, मुले यांचे अर्धे जुळतेच. अर्धे तिकीट आईकडून, अर्धे बापाकडून आलेले असते म्हणून. पूर्वी अर्ध्या जुळणीवर प्रत्यारोपण करायला डॉक्टर धजावत नसत. इटलीतल्या पेरुजिया शहरात अँड्रिया वेलार्डी, लोरेदाना रुग्गेरी आणि सहकाऱ्यांनी अशी प्रत्यारोपणे केली आणि २००२ मध्ये त्यांनी एक थक्क करणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या ज्या रुग्णांत दाता विशिष्ट तऱ्हेने न जुळणारा होता, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण जुळणाऱ्यांपेक्षा खूप कमी होते.

टीसीच्याच भाषेत सांगायचे तर, सगळे टीसी सगळी तिकिटे ओळखत नाहीत. समजा, बहिणीच्या शरीरात वाढलेल्या काही एनके पेशी निळे तिकीट पाहिले की थांबतात. बहिणीकडे निळे तिकीट आहे, भावाकडे नाही. बहिणीच्या एनके पेशी भावाच्या शरीरात गेल्या, त्यांनी ल्युकेमियाच्या पेशींना निळे तिकीट मागितले. नाही म्हटल्यावर मारले. भावाच्या स्वतःच्या एनके पेशी मात्र निळ्याशिवाय जगायला सरावलेल्या, म्हणून त्या आजवर गप्प होत्या. आणि भावाची कातडी, आतडी, यकृत यांच्यावर संकटाच्या खुणा नसल्याने त्यांना धक्का लागत नाही. दात्याच्या टी-पेशी मात्र कधीकधी रुग्णाच्या निरोगी अवयवांवरच तुटून पडतात. प्रत्यारोपणातला हा मोठा धोका असतो आणि डॉक्टर त्याला जीव्हीएचडी म्हणतात.

एवढे वाचून जुळणी नाही तेच बरे, असा निष्कर्ष काढू नका. पेरुजियाच्या डॉक्टरांनी दात्याच्या टी-पेशी आधीच गाळून काढल्या होत्या. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या प्रौढांत त्यांना हा फायदा दिसला नाही, आणि इतर केंद्रांतले निकाल उलटसुलट आले. आज आपल्याकडे अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणात बहुतेक ठिकाणी प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देतात. ते जीव्हीएचडी रोखते, पण दात्याबरोबर आलेल्या एनके पेशींचाही मोठा भाग त्यात जातो आणि त्या नव्याने वाढाव्या लागतात. कोणता दाता निवडायचा हे म्हणून प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. आपले काम एवढेच, की घरातल्या कोणालाही तपासणीपासून दूर ठेवायचे नाही.

बहिणीबद्दल म्हणूनच आम्ही मावशींशी जास्त वेळ बोललो. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शन देतात, त्याने मूळ पेशी रक्तात उतरतात. मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात घेऊन त्या वेगळ्या करतात आणि बाकीचे रक्त परत देतात. काही तास लागतात, अंग दुखते, दोन-चार दिवसांत उतरते. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मगज घेतात, तोही काही आठवड्यांत भरून येतो. मणक्याला हात लावत नाहीत. पुढे मूल होण्याशी याचा संबंध नाही. रक्तगट जुळला नाही तरी चालते. प्रत्यारोपणानंतर रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो, हे ऐकून मावशी पहिल्यांदा हसल्या. जातीतलाच दाता लागतो का, असेही एकाने मध्येच विचारले. दात्याची जात कोणी बघत नाही, एचएलए बघतात. घरात कोणीच जुळले नाही तर दात्यांच्या नोंदवहीत शोध घेता येतो. पण तिथे भारतीय नावे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर नाव नोंदवता येते, वस्तीतल्या तरुणांनी याचा विचार करावा.

पत्रकातली ‘एनके सेल थेरपी’ म्हणजे मग काय? जगात त्यावर खरे प्रयोग झाले आहेत आणि चालू आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या जेफ्री मिलर यांनी इतर उपचारांना दाद न देणाऱ्या मायलॉइड ल्युकेमियाच्या १९ रुग्णांना त्यांच्या अर्ध्या जुळणीच्या नातेवाइकांच्या एनके पेशी दिल्या. पाच जणांच्या शरीरातून आजार दिसेनासा झाला. २०२० मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयातल्या केटी रेझवानी यांनी नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींमध्ये जनुकीय बदल करून, कॅन्सर पेशीला नेमके पकडणारा हात त्यांना बसवला. लिम्फोमा आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या ११ रुग्णांपैकी आठ जणांना गुण आला, सात जणांत आजाराचा मागमूस राहिला नाही, आणि अशा उपचारांत होणारे गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. आशा वाटावी असेच हे आकडे आहेत. पण ११ माणसे म्हणजे ११ माणसेच. भारतात रक्ताच्या कॅन्सरवर एनके पेशींचा कोणताही उपचार नेहमीचा, मान्यताप्राप्त उपचार झालेला नाही.

वर्तमानपत्रात ज्या भारतीय पेशी-उपचाराबद्दल वाचले असेल तो वेगळा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिलेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेला तो उपचार टी-पेशींचा आहे. तो बी-पेशींच्या काही लिम्फोमा व ल्युकेमियांसाठी आहे, मावशींच्या मुलाच्या आजारासाठी नाही. परदेशापेक्षा तो खूप स्वस्त असला तरी खर्च लाखांतच जातो.

म्हणून कोणी ‘एनके थेरपी’ देतो म्हणाले तर एकच विचारा : हा प्रयोग आहे का, आणि असेल तर ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ वरचा त्याचा नोंदणी क्रमांक काय? २००९ पासून देशात अशी नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक घेऊन आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. मावशींनी आमच्यासमोरच त्या मोबाईलवर फोन लावून क्रमांक विचारला. पलीकडून फोन कट झाला.

‘एनके वाढवणारे’ काढे आणि चूर्णे यांबद्दलही लोक विचारतात. प्रयोगशाळेत अनेक गोष्टींनी एनके पेशी चेतवता येतात, पण त्याने ल्युकेमिया बरा झाल्याचे कोणी दाखवलेले नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. पण ज्याच्या यकृतावर आधीच केमोचा भार आहे, त्याच्या पोटात ते घालण्याची जोखीम आपण कशाला घ्यायची? घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून. मनावरच्या ताणाने एनके पेशींचे काम मंदावते, हे मात्र परीक्षेच्या दिवसांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर १९८० च्या दशकात अमेरिकेत दिसले आहे. रुग्णाने ध्यानाला बसावे, मन हलके होत असेल तर रोज बसावे. केमोची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नये.

काहींनी रक्ताच्या रिपोर्टमध्ये एनके पेशी कुठे आहेत ते शोधून पाहिले. साध्या सीबीसीत त्या वेगळ्या मोजत नाहीत, ‘लिम्फोसाइट’ या एकाच ओळीत येतात. त्या मोजायला फ्लो सायटोमेट्री लागते. निरोगी माणसाने ती तपासणी करून काही हाती लागत नाही, पैसे घालवू नका. त्याऐवजी साध्या सीबीसीकडे वेळेवर लक्ष द्या. दोन-तीन आठवडे न उतरणारा ताप, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, न दुखणारी वाढती गाठ, हाडांत दुखणे, झपाट्याने आलेला फिकेपणा, यांपैकी काही असेल तर सीबीसी आणि स्मिअर करून घ्या. बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते, ॲनिमिया, डेंग्यू किंवा टीबी. त्यांनाही उपचार लागतातच.

पैशांबद्दल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपल्या आजाराचा कोणता उपचार त्यात बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. उरलेल्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान सहायता निधीचे अर्ज रुग्णालयातले समाजसेवक भरून देतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. खाट नाही असे तोंडी सांगितले तर तसे लिहून मागा.

मावशी पुढच्या रविवारी परत आल्या. या वेळी मुलगीही बरोबर होती. एचएलए तपासणीसाठी रक्त देऊन आल्या होत्या, रिपोर्ट यायचा होता. सोयरीकीचे काय, हे आम्ही विचारले नाही. मुलीनेच सांगितले, तिने होणाऱ्या नवऱ्याला स्वतः फोन करून सगळे कळवले होते आणि तपासणीच्या दिवशी तो रुग्णालयात येऊन बसला होता.

पुढची तपासणी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, विहाराच्या सभागृहात सकाळी १० पासून आहे. ज्यांच्या घरी रक्ताच्या कॅन्सरचा रुग्ण आहे त्यांनी येताना बोन मॅरोचा रिपोर्ट, केमोचे कार्ड, रेशन कार्ड आणि कोणी दिलेली पत्रके असतील तर तीही आणावीत.